मीटरचं चाक

रविवारी रात्री फोनने विचारलं होतं,
आत्ता करू की नंतर?
मी झोपेत होते. आत्ता, म्हटलं.

सोमवारी अकराला, एमआयडीसीत,
टॉवेलच्या गठ्ठ्यांचे फोटो काढता काढता
शंभरचे एकेचाळीस.
जेवणाच्या सुट्टीत, शेंगाचटणीच्या डबीशेजारी,
बावीस.
चहाला लाल रेघ.
सुपरवायझर म्हणाला, फोटो पाठव की,
मी त्याला काळी काच दाखवली.

नवी पेठेतल्या पोराने मान वर न करता सांगितलं,
बॅटरी गेली, बाराशे.
शनिवारी तर चांगली होती रे.
शनिवारी सगळंच चांगलं असतंय, म्हणाला.

मग सगळे करतात ते केलं.
उजेड इतका उतरवला
की अशोक चौकात, भर एप्रिलच्या उन्हात,
ओढणीचा तंबू करून मेसेज वाचला.
लोकेशन बंद. ब्लूटूथ बंद.
फोनच बंद, परत चालू.
तरी पाठ त्याची दुपारच्या पत्र्यासारखी.

मामय्या कट्ट्यावर बसून बघत होते.
तीस वर्षं जॉबर.
अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात
कुठला धोटा अडखळलालाय ते
तिकडं पाठ करून सांगायचे.
त्याच कानांना आता कुकरची शिट्टी पोचत नाही.

"काय करलालीस गं मघाधरनं?"
फोन घेतला, पालथा केला, तळवा टेकवला.
"गरम होलालंय म्हणजे काम चाललालंय.
कुणाचं, ते बघ की."

बिल वाढलं की कारखान्यात, म्हणाले,
एकेक माग बंद करायचो आम्ही.
ज्याच्यावर मीटरचं चाक मंदावलं, तो चोर.

तसंच केलं.
बातम्या बंद: चाक तेवढंच.
साड्यांचं दुकान बंद: तेवढंच.
हवामान, भिशीचा ग्रुप, पावलं मोजणारं ते एक:
तेवढंच, तेवढंच, थोडं कमी.
शेवटी फोटो.
अकरा हजार फोटो
अपडेटनंतर पुन्हा पहिल्यापासून बघत बसला होता फोन,
चेहरा चेहरा वेगळा काढत,
मला न विचारता, रात्रंदिवस.

बंद करू?
"नको. नवा बीम चढवला की
पहिला वार-दोन वार कापड वाईटच येतंय.
हात लावायचा नाही. बसू द्यायचं."
किती दिवस?
"मागाला विचार."

दोन रात्री चार्जरला लावून ठेवला, नुसता.
बुधवारी घरी येताना चौतीस.
गुरुवारी एकसष्ट, आणि पाठ गार,
आणि काचेवर दोन गोल चेहरे शेजारी शेजारी,
खाली प्रश्न:
ही एकच व्यक्ती आहे का?

एक मामय्या, जानेवारीत, गड्ड्यावर,
पाळण्याकडे बघताना.
दुसरा आमच्या लग्नातल्या एका फोटोच्या कडेला,
हातात ताट, अर्धा कुणाच्या तरी खांद्यामागे:
राजय्या काका.
आठ मागांची वाटणी झाली
तेव्हापासून ते आमच्या गल्लीतून जात नाहीत.
त्यांचे चार त्यांनी चालवले.
आमचे चार किलोवर गेले.
काटा करताना मामय्या घरात नव्हते, एवढंच मला माहीत.

कपाळ तेच. कान तेच.
ओठ तसेच मिटलेले,
तुटलेल्या धाग्याचं टोक धरल्यासारखे.

मी फोन लपवायला हवा होता बहुतेक.
त्यांनी चष्मा मागितला.
काच दोनदा विझली, दोनदा मी बोट लावलं.
"खाली काय विचारलालंय?"
वाचून दाखवलं. मोठ्याने, दोनदा,
शेजारच्या कोटाबाई खिडकीत आल्या इतकं मोठ्याने.
हो. नाही. माहीत नाही.
तीन बटणं.

त्यांनी फोन मला दिला नाही,
मांडीवर पालथा ठेवला, वर हात.
बराच वेळ गेला.
"बॅटरी किती हाय?"
एकसष्ट.
"मग घाई काय हाय."